वीरण्णा सरांना पटलं

प्रीतम वाघमारे नायगावच्या सबस्टेशनातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता शिव्या खाणं संपलं. तीस वर्षं लोडशेडिंगच्या वेळी लोकांचे फोन त्यांनीच घेतले होते. वीज वरूनच बंद आहे, इथं माझ्या हातात काही नाही, हे सांगून सांगून घसा बसायचा. पण निवृत्तीच्या आधीच त्यांनी फेसबुकवर ‘ऊर्जाकट्टा’ नावाचा एक गट काढून ठेवला होता, आणि उरलेल्या शिव्या तिथं त्यांची वाट बघत होत्या.

गटात चार हजार माणसं. लिहिणारी आठ-नऊ, बाकीची भांडण बघायला येणारी. विषय कुठूनही सुरू झाला तरी फिरून अणूवर यायचा. अणुवीज हवी की नको, बॉम्ब कुणाकडं असावा, ज्यांनी स्वतः हजारो करून ठेवलेत त्यांनी दुसऱ्याला अडवावं का. नांदेडला तरोड्यातल्या घरी सकाळचा चहा झाला की वाघमारे चष्मा लावून मोबाईल घेऊन बसायचे, आणि त्यांच्या पत्नी मनिषाबाई आतून म्हणायच्या, “झाली का ड्यूटी सुरू?”

वाघमारे अणुविजेच्या बाजूचे. संध्याकाळी सहा ते दहा लोड कसा चढतो हे त्यांनी मीटरवर डोळ्यांनी पाहिलेलं. सूर्य तेव्हा नसतो, वाऱ्याचा भरवसा नाही, कोळशाची राख कुठवर सोसायची, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांच्या विरोधात लातूरचे वीरण्णा बिरादार. देवणीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, वाघमारेंपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. त्यांचं म्हणणं, वीज आणि बॉम्ब ही एकाच घरची भावंडं आहेत. आपल्याला शांततेच्या कामासाठी म्हणून मिळालेल्या अणुभट्टीतूनच चौऱ्याहत्तरच्या अणुचाचणीचं प्लुटोनियम निघालं, मग दुसऱ्या देशाला आपण कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? आणि भट्टीतून निघणारा कचरा? तो कुठं ठेवणार?

आठ वर्षं हे चाललं होतं. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. पण वाघमारेंच्या मनात या माणसाबद्दल एक जागा होती. मुद्दे संपले की काही जण त्यांच्या आडनावावर यायचे. नोकरी कशी मिळाली, मार्क किती होते, असलं काहीतरी. वीरण्णा कधी त्या वाटेला गेले नाहीत. उलट एकदा असाच एक जण घसरला, तेव्हा वाघमारेंच्या आधी वीरण्णांनीच खाली लिहिलं होतं, “मुद्द्यावर या, नाहीतर निघा.” तेवढंच. पुढच्याच ओळीत परत प्लुटोनियम.

गेल्या श्रावणात गटावर कुणीतरी एक जाहिरात टाकली. मेंदूचा व्यायाम करून घेणारं मोबाईल ॲप. रोज पंधरा मिनिटं रंगीत ठोकळे जुळवा, आकडे लक्षात ठेवा आणि सत्तरीत पंचविशीचा मेंदू मिळवा. वाघमारे ती काढून टाकणारच होते, तेवढ्यात खाली वीरण्णांचा प्रश्न दिसला. “याचा खरंच उपयोग होतो का? कुणाला अनुभव असल्यास सांगावे.”

वाघमारेंनी दोन दिवस वाचन केलं आणि लांबलचक उत्तर लिहिलं. असे खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, पण त्यामुळे किल्ली कुठं ठेवली ते काही आठवायला लागत नाही, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसतं, हे त्यांनी दाखले देऊन मांडलं. लेख खरोखर चांगला उतरला होता. शेवटी मात्र त्यांना राहवलं नाही. “ज्याला मेंदू आहे त्याला ॲप लागत नाही, आणि ज्याला ॲप लागतं त्याला त्याचा उपयोग नाही,” असं लिहून ते मोकळे झाले. शंभरावर लोकांना ते आवडलं. वीरण्णांनी खाली एकच शब्द लिहिला. “पटलं.”

आठ वर्षांत पहिल्यांदा. वाघमारेंनी मोबाईल नेऊन मनिषाबाईंना दाखवला. त्या मेथी निवडत होत्या. “बघ, बिरादार सरांना पटलं माझं!”

“मग आता तरी बंद करा,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर वीरण्णांचं लिहिणं बिघडत गेलं. कचरा कुठं ठेवणार, हा प्रश्न ते सोमवारी विचारायचे. वाघमारे सविस्तर उत्तर द्यायचे. गुरुवारी तोच प्रश्न, शब्दाला शब्द तोच. आधी वाघमारेंना वाटलं, सर मुद्दाम छळायलेत. मग वाटलं, वय झालं की माणूस हट्टी होतो. गटावरची पोरंटोरं हसायला लागली. दिवाळीच्या आधी एका सकाळी तो प्रश्न परत आला. आदल्या दिवशीच दीड तास घालवून वाघमारेंनी त्याचं उत्तर लिहिलं होतं. अंगात नुसता थकवा भरून आला. त्यांनी लिहिलं, “वीरण्णा सर, हा प्रश्न आपण या महिन्यात पाचव्यांदा विचारत आहात. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून ठेवा.”

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. वीरण्णा गप्प झाले. एक दिवस, चार दिवस, बारा दिवस.

तेराव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, उदगीरकडचा हेल.

“वाघमारे भाऊ का? मी रत्नम्मा, बिरादार सरची घरवाली. सरच्या डायरीत नंबर गावला तुमचा. रागावला का तुम्ही सरवर?”

“न्हाई वहिनी, राग कशाचा?”

“मग त्यांना काहीतर लिहा की, भाऊ. ते रोज सकाळी मोबाईल घेऊन बसतेत. ‘वाघमारेंचं आलं का, वाघमारेंचं आलं का’ करून राहिलेत. आधीचं त्यांच्या ध्यानात राहत न्हाई. विसरायचा आजार हाय म्हणले डॉक्टर. दोन वर्सं झाली.”

वाघमारे खुर्चीतून उठून उगाच दारापर्यंत गेले. “मला म्हाईत नव्हतं, वहिनी,” ते म्हणाले. ते खरंच होतं, पण बोलून झाल्यावर त्यांना बरं वाटलं नाही.

येतो म्हणून सांगून, पत्ता विचारून घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते लातूरला निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर. चार तास खिडकीला डोकं टेकवून ते मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. लातूरला उतरले तर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शिकवण्यांचे फलक, आणि त्यातच एका फलकावर मोठा मेंदू काढलेला. मुलांची स्मरणशक्ती महिनाभरात दुप्पट. वाघमारेंनी तिकडं बघितलं आणि रिक्षा केली.

घर औसा रोडच्या आतल्या गल्लीत होतं. पाहुणा येणार म्हणून रत्नम्माबाईंनी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून बसवलं होतं. कपाळावर विभूती, समोर घडी न मोडलेला पेपर.

“या, या,” वीरण्णा म्हणाले. “मीटर त्या अंगाला हाय.”

“सर, मी मीटरसाठी आलो न्हाई. मी ऊर्जाकट्ट्यावरचा वाघमारे. नांदेडचा.”

वीरण्णांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वाघमारे जाड असंल असं वाटलं होतं मला,” ते म्हणाले. मग एकदम सरसावून बसले. “बरं झालं आलात. मला सांगा, कचरा कुठं ठेवणार?”

वाघमारेंनी सांगितलं. पहिल्यांदाच तोंडानं सांगत होते, तर ते लिहिण्यापेक्षा सोपं गेलं. वीरण्णा मधेच अडवत होते, बोटावर मुद्दे मोजत होते. चौऱ्याहत्तर सालचं सगळं त्यांना तारखांसकट पाठ होतं. अर्धा तास तर वाघमारेंना वाटत राहिलं की या माणसाला काही झालेलंच नाही. मग वीरण्णांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि विचारलं, “तुम्ही कोणत्या गावचे म्हणलात?”

“नांदेडचा, सर. वाघमारे.” त्यांनी घसा साफ केला. “सर, मी त्या दिवशी गटावर तुम्हाला वाईट बोललो. वहीत लिहून ठेवा म्हणलो. चुकलं माझं.”

“कधी?” वीरण्णा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. चार तास जुळवत आणलेली माफी घ्यायला तिथं कुणी नव्हतंच. “तुम्ही वाईट बोलत न्हाई, वाघमारे. तुमचा तो ॲपवरचा लेख एक नंबर होता. मला पटला. त्याच दिवशी काढून टाकलं मी ते.”

जेवण स्वयंपाकघरातच झालं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. वीरण्णा जेवून आडवे झाले, तेव्हा रत्नम्माबाई ताटं उचलता उचलता बोलायला लागल्या.

“ते मोबाईलमधला खेळ होता न्हाई का, ठोकळ्यांचा? लेकीनं बसवून दिला होता. रोज तासभर खेळायचे. बरं व्हईल म्हणून खेळायचे. तुमचं वाचलं अन् बंद केलं. ‘वाघमारेनं सिद्ध केलंय’ म्हणले.”

वाघमारेंनी खाली मान घातली. “वहिनी, त्या खेळानं आजार बरा झाला नसता.”

“हाव, डॉक्टरबी तेच म्हणले.” त्यांनी ताटातला भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला. “पण तासभर जात होता की, भाऊ. आता दिवस जात न्हाई.”

त्या लेखातलं एक वाक्यही चुकीचं नव्हतं, हे वाघमारेंना माहीत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

“बोलत ठेवा म्हणले डॉक्टर,” रत्नम्माबाई म्हणाल्या. “मी काय बोलू? मला भाजीचं येतंय, पावण्यारावळ्यांचं येतंय. ह्यांना अणूचं लागतंय.”

निघताना वाघमारेंनी कबूल केलं की रोज अकरा वाजता फोन करतो.

आणि ते करत राहिले. रत्नम्माबाई फोनचा आवाज मोठा करून सरांच्या उशाला ठेवायच्या. रोज कचऱ्यापासून सुरुवात. काही दिवस वीरण्णा असे भांडायचे की वाघमारेंना दुपारी परत वाचायला बसावं लागायचं. काही दिवस तेच वाक्य दहादा. वाघमारेंचा कान तापायचा, मान आखडायची, एकदा फोन चालू असतानाच त्यांना डुलकी लागली. गटावर त्यांचं लिहिणं कमी झालं. तिथलं आता काहीच त्यांना तातडीचं वाटेना. मग एक दिवस त्यांनी गट धम्मप्रिया नावाच्या भोकरच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे सोपवून टाकला. तिनं विचारलं, “सर, का सोडताय?” ते म्हणाले, “थकलो, बाई.”

जानेवारीत एक नवीनच गोष्ट झाली. फोन उचलल्या उचलल्या वीरण्णा म्हणाले, “मला सांगा, संध्याकाळी सहा ते दहाचा लोड कुठून आणणार? सूर्य हाय का तेव्हा? कोळशाच्या राखेचं काय?”

वाघमारे चपापले. ही सगळी त्यांची स्वतःची वाक्यं होती. आठ वर्षं वाचून वाचून ती वीरण्णांच्या डोक्यात मुरली होती, आणि ती कुणाची हे तेवढं पुसलं गेलं होतं. “बरोबर आहे, सर,” असं म्हणावं तर बोलणं मिनिटात संपणार. पलीकडून रत्नम्माबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. वाघमारे म्हणाले, “ते ठीक आहे, सर. पण वीज अन् बॉम्ब एकाच घरचे, त्याचं काय?”

“असं कसं, असं कसं!” वीरण्णा खूश होऊन ओरडले, आणि पाऊण तास भांडले.

त्या दिवसापासून वाघमारेंना दुसऱ्या बाजूची तयारी करावी लागली. वीरण्णांच्या जुन्या पोस्टी ते एकेक उघडून वाचायला लागले. सहा वर्षांपूर्वीच्या एका पोस्टीशी ते थांबले. वीरण्णांनी लिहिलं होतं, “वाघमारे यांच्या लोडच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण उत्तर नाही म्हणून भीती खोटी ठरत नाही.” आणि त्याखाली वाघमारेंचंच उत्तर होतं, “उत्तर नाही ना? मग विषय संपला.” त्यांनी पहिल्या वाक्याच्या पुढं वाचलंच नव्हतं.

ते दुसरं वाक्य त्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर वापरलं. वीरण्णांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, “हे चांगलं बोललात तुम्ही. कुठं वाचलं?”

“एका गणिताच्या मास्तरनं लिहिलंय, सर.”

“हुशार माणूस असंल,” वीरण्णा म्हणाले.

उन्हं चढली तशी वीरण्णांची बाजू ओसरत गेली. आधी तारखा गेल्या, मग भांडण गेलं. एप्रिलमध्ये रत्नम्माबाईंनी फोनवर सांगितलं, “आता बोलत न्हाईत जास्त. पण अकरा वाजले की फोनकडं बघतेत. तुम्ही बोला, भाऊ. ते ऐकतेत.”

तेव्हापासून वाघमारे दोन्ही बाजू एकटेच मांडतात. आधी लोड, मग राख, मग स्वतःच स्वतःला अडवून बॉम्ब, मग प्लुटोनियम, मग परत उलट. मनिषाबाई त्यांच्यासमोर ताकाचा पेला ठेवून जातात. पलीकडून मधूनमधून “हं” येतो. कधी तोही येत नाही. काल बोलता बोलता वाघमारेंचा धीर सुटला. आपण कुणाशी बोलतोय, कशासाठी, असं वाटून ते वाक्याच्या मधेच थांबले आणि नुसता फोन कानाला लावून बसले. पंखा फिरत होता.

“मग?” वीरण्णांनी विचारलं.

वाघमारेंनी फोन या कानावरून त्या कानाला घेतला. “मग काय, सर,” ते म्हणाले, “आता कचऱ्याचं बघू.”