फ्लेक्सवरची शेवटची ओळ

बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याच्या चौकात आज मी लोंबकळतोय, खालून कापलेला. तरी बोलतो. मी एक फ्लेक्स आहे.

गावचा जवान अमरसिंह संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला निघाला, तेव्हा माझा जन्म झाला. पैसे गावचे पुढारी विजयसिंह यांनी दिले. म्हणून त्यांचा फोटो जवानापेक्षा मोठा. नावाशी जुळतं म्हणून पोरांनी शेवटची ओळ ठरवली, ‘अमरसिंह अमर रहे!’ ही घोषणा कुणासाठी देतात, हे मिरवणुकीच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

परवा टीव्हीवर पट्टी आली : दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेवर हल्ला. दुपारी एक वार्ताहर चौकात उतरला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. माझ्या शेवटच्या ओळीवर कॅमेरा रोखला आणि निघून गेला. थोड्याच वेळात मी घराघरांत दिसू लागलो : ‘बीडचा सुपुत्र शहीद, गावावर शोककळा.’

दुकानं बंद झाली. पोरं घोषणा देत माझ्याखाली जमली. विजयसिंह हार घेऊन आले. अमरसिंहचं घर समोरच. ओट्यावर त्याची बायको सत्यशीला फोन लावत होती. तो लागत नव्हता. जमलेल्यांतल्या एकीनं तिचं कुंकू पुसायला हात पुढं केला. तिनं तो मनगटाशी धरला. सगळ्या चॅनलवर दाखवतायत, असं विजयसिंह समजावू लागले.

“दादा, फौजेतून सांगावा आलाय का? न्हाई. मग मला कुनी हात लावायचा न्हाई.”

सासू बायनाबाई विळा घेऊन बाहेर आल्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी ती ओळ कुणाकडून तरी वाचून घेतली.

“जित्या लेकराला कावून असलं लिवलं?” म्हणाल्या, आणि ओळ कापून काढली. कुणी अडवलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. सत्यशीलानं तो घाईनं उचलला, त्यात स्पीकर कधी लागला, तिलाही कळलं नाही.

“मी बरा हाय,” अमरसिंह म्हणाला. “बराकीतला माझ्या शेजारच्या खाटेवरचा गडी हल्ल्यात गेला.”

चौकात आरोळी उठली. पोरांनी व्हिडिओ काढायला मोबाइल उंच धरले. सत्यशीला मात्र अजून फोनवरच होती.

“तेच्या घरी कळलंय का?”

“अजून न्हाई.”

ती ओट्यावर उभी राहिली.

“मोबाइल खाली घ्या समदे. गेलेल्याच्या बायकोला तिच्या मानसांनी सांगू द्या, तुमी न्हाई.”

एकेक हात खाली आला.

त्या दुसरीचं गाव मला ठाऊक नाही. तिच्या चौकात माझ्यासारखा फ्लेक्स टांगायला निघाला असाल, तर जरा थांबा. आधी तिच्या दारात जा.