हलाल शिक्क्याची क्रीम

तरन्नुमनं डबीवरचं वाचून-वाचून एक मरून लिपस्टिक निवडली होती. पण तिचा स्कार्फ पाहून वडसा गावातल्या दुकानदार कुलदीपनं एक हिरव्या शिक्क्याची क्रीम पुढं सरकवली.

“हे पाहा ताई, खास तुमच्या लोकांसाठी. पक्की हलाल. महिन्याभरात गोऱ्या व्हाल.”

तरन्नुमनं त्याही डबीवरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली.

“माही नानी सावळी, अम्मी सावळी. मी कशी काय गोरी होईन, भाऊ?”

कुलदीप हसला. “अवो, असं लिहाच लागते. त्याबिगर क्रीम कोण घेईन?”

“म्हंजे डुकराची चरबी नाई, दारू नाई, पण खोटं तेवढं घातलं,” तिनं क्रीम परत सरकवली. “आमच्यात खोटंबी हरामच असते. लिपस्टिक द्या.”