सायकलवर आलेली लेक

"पोरगी कुठाय?" सुलाबाईंनी पहिला प्रश्न केला तो हाच.

शिवांजलीने सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि वाकून गुडघ्यांवर हात ठेवले. पुण्याहून ती पहाटे निघाली होती. जुना कात्रज, मग खंबाटकी, साताऱ्यापर्यंत महामार्ग आणि पुढे रहिमतपूरच्या अंगाने आतले रस्ते. पलूसच्या शिवेत शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मांड्यांचे दगड झाले होते, ओठांवर मीठ साचलं होतं. पण खंबाटकीत ट्रकवाले हॉर्न देत मागे लागले तेव्हासुद्धा ती खाली उतरली नव्हती, याचंच तिला आतून हसू फुटत होतं.

"पुण्यात. तिच्या बापाजवळ," ती धापा टाकत म्हणाली.

"आन् तू अशी एकटी? सायकलवर?"

"हो काकी. पहाटेच निघाले."

"घरात सांगून निघालीस न्हवं?"

"उठवलं नाही कुणाला. झोपले होते सगळे."

सुलाबाई म्हणजे तिची चुलती, पलीकडच्या घरातली. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांची नजर शिवांजलीच्या तोंडावरून गळ्यावर आली आणि तिथेच अडकली. गळा मोकळा. टिकली घामात वाटेत कुठेतरी गळून पडलेली. हातात बांगडी नाही, नुसतं काळं घड्याळ. सुलाबाई पदर खोचून घाईघाईने आत गेल्या.

त्यांच्या मनात काय पक्कं झालं ते शिवांजलीला दिवेलागणीपर्यंत कळणार नव्हतं. लेक माहेरी येते ती नवऱ्याबरोबर, नाहीतर निदान मूल कडेवर घेऊन. मोकळ्या गळ्याने, मूल मागे ठेवून, पहाटे कुणाला न उठवता निघालेली बाई त्या गल्लीत आजवर एकाच कारणाने आली होती. त्यातून शिवांजलीचं लग्न तिने स्वतः जमवलेलं, वाईच्या वरदशी, जातीबाहेर. "किती दिवस टिकतंय बघू," असं भावकीत तेव्हा बरेच जण म्हणाले होते. तिचे वडील, आबा, एकटे 'हो' म्हणाले आणि त्यांच्यापुढे कुणाचं चाललं नाही.

आई, विजयमाला, पिठाचे हात घेऊनच बाहेर आली. सकाळीच तिने नातीसाठी रव्याचे लाडू करून ठेवले होते. फोनवर शिवांजली नुसतं "शनिवारी येते" म्हणाली होती. आईने लेकीकडे बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चल, आधी पाणी घे अंगावर."

एवढंच. कशी आलीस, का आलीस, काही नाही. शिवांजलीला वाटलं, बरं झालं. हायवेवरून सायकल हाकत आलीस म्हणून आई आता तासभर बोलेल, अशी तिने मनाची तयारी केली होती.

आईने चुलीवरचं कढत पाणी बादलीत ओतलं. अंगावर घालायला स्वतःचं धुवट लुगडं दिलं, आणि न्हाऊन आल्यावर पुढ्यात पिठलं, भाकरी, ठेचा, दह्याची वाटी. शिवांजली जेवायला बसली ती बसलीच. दिवसभर खजूर आणि गोड पाण्यावर काढलेला. दुसरी भाकरी संपली तशी तिसरी आली. तिसरी संपली तेव्हा तिने स्वतःच टोपल्यात हात घातला. चौथी भाकरी मोडताना तिने वर बघितलं तर आई तोंड फिरवून चुलीत फुंकर घालत होती. चूल तर चांगली पेटलेली होती.

"धूर झाला का गं?"

"व्हय. लाकडं वली हायत," आई पदराने डोळे पुसत म्हणाली.

शिवांजलीला वाटलं, आबांच्या दुखण्याने आई थकली आहे. आणि मग जे मागायला ती एवढ्या लांब आली होती ते तिच्या जिभेवरून मागे सरकलं.

मागायचं होतं ते साधंच. पुढच्या महिन्यात तिची शर्यत होती. एकाच दिवसात आधी समुद्रात पोहायचं, तसंच बाहेर येऊन सायकल हाणायची, आणि सायकल ठेवली की पळायचं, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. दोन वर्षं ती त्यासाठी झिजत होती. पुण्यातल्या एका रक्तपेढीत ती तपासणीचं काम करायची. भार्गवी झाल्यावर अंग जड झालं, मन त्याहून जड झालं, दिवसदिवस रडू यायचं. तेव्हा वरदनेच एका रविवारी तिला बूट घालून गेटबाहेर काढलं आणि म्हणाला, "अर्धा तास परत यायचं नाही." तो अर्धा तास वाढत वाढत इथवर आला होता.

शहरात असा सराव करणं म्हणजे सगळ्यांकडून वेळ चोरणं. सिंहगड रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत सायकल काढायची. कुत्री मागे लागली की सोसायटीचा वॉचमन काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत पळत यायचा. सासूबाई, चारुशीलाताई, वाईचं घर सोडून त्यांच्याकडे येऊन राहिल्या होत्या. गुडघे दुखत असताना त्या नातीला कडेवर घेऊन पोहण्याच्या तलावाच्या कठड्याशी उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "ती बघ, आपली आई मासोळी." एवढी माणसं आपल्यामागे आहेत हे आठवलं की शिवांजलीचा चढावर दम पुरायचा.

पण आता गुडघ्यांनी ऐकणंच सोडलं होतं. पुढच्या आठवड्यात सासूबाईंचं साताऱ्याला ऑपरेशन होतं. वरदची सकाळची पाळी. शेवटचा महिना, सगळ्यात मोठा सराव, आणि भार्गवीपाशी पहाटे बसायला घरात कुणी नाही. आई महिनाभर आली तर शर्यत होणार होती. नाहीतर नाही.

आणि आईला न्यायचं तर आबांचं काय?

जेवून ती सोप्यात आली. आबा, लालासाहेब, खाटेवर टेकून बसले होते. फौजेत होते तेव्हा पलटणीकडून पळायचे. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन परसापर्यंत जायचे. बोलणं जड झालं होतं, पण शब्द नीट यायचे. आई त्यांना घास भरवायची, दाढी करायची, आणि आत्ता त्यांचा शर्ट बदलून खालपासून वर एकेक बटण लावत होती. आबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. लेकीच्या देखत.

म्हणूनच शिवांजलीने शर्यतीचं या घरात कधी काढलं नव्हतं. ज्या माणसाला उंबरा ओलांडायचं कोडं, त्याच्यासमोर आपण हौसेने पळतो, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? "थोडा व्यायाम करते," एवढंच ती फोनवर म्हणायची.

दिवे लागले. सुलाबाई दूध द्यायच्या निमित्ताने आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. धाकटा भाऊ जयराज द्राक्षाच्या बागेतून औषध मारून आला, हातपाय धुऊन दाराशी उभा राहिला. कुणी टीव्ही लावला नाही. शिवांजलीला ती शांतता जरा जास्तच वाटायला लागली.

आबांनी घसा साफ केला.

"वरची खोली झाडून घेतलीया," ते म्हणाले. "तू न्हात हुतीस तवाच. पंखा बी लावंल जयराज."

"एका रात्रीसाठी कशाला आबा? मी इथंच झोपले असते, सोप्यात."

"एका रातीचं न्हाई." त्यांनी डावा हात उचलून तिला थांबवलं. "ती खोली तुझी हाय. पयल्यापास्नं तुझीच हाय. कुणी काय इचारणार न्हाई तुला, मी सांगितलंय समद्यास्नी. जावायाला फोन बी कुणी करायचा न्हाई. तू सांगशील तवा सांगशील. न्हाई सांगितलंस तरी चालंल."

शिवांजली बघतच राहिली.

"उद्या जयराज गाडी घिऊन जाईल पुन्याला. पोरीला आनंल. शाळा हितंबी चांगली हाय." ते थांबले, दम घेतला. "त्या टायमाला मीच व्हय म्हणलो हुतो. आजबी मीच म्हणतोय. ऱ्हा."

सुलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. आई भिंतीकडे बघत होती.

तेव्हा कुठे शिवांजलीला मोकळा गळा आठवला. पहाटेची चोरपावलं आठवली, काकीचे प्रश्न आणि आपली उत्तरं. चौथी भाकरी आठवली. तिला आधी हसू आलं, असं की पोटात कळ यावी, आणि हसता हसता तिला रडू कधी फुटलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

ती उठली, दोरीवर वाळत घातलेल्या सायकलच्या सदऱ्याच्या शेजारी ठेवलेली तिची छोटी पिशवी घेऊन आली. उरलेल्या दोन खजुरांखालून तिने प्लास्टिकची पुडी काढली आणि पुडीतून मंगळसूत्र. "घामानं मणी टोचतात आई, म्हणून काढून ठेवते. भांडण नाही काही नाही. वरदनंच रात्री बाटल्या भरून दिल्या."

मग आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला सणसणीत.

"आन् मग चार भाकरी कशाला गं खाल्ल्यास?"

"भूक लागली होती!"

"मला वाटलं, तिकडं जेवाया घालत न्हाईत तुला," आई म्हणाली आणि आता उघडपणे रडली.

मग सगळं सांगणं आलं. पोहणं, सायकल, पळणं, एकाच दिवशी. जयराजने मोबाईलवर कुठल्या तरी शर्यतीचं चित्र काढून सगळ्यांना दाखवलं. सुलाबाईंनी बक्षीस काय मिळतं ते विचारलं. पदक मिळतं म्हटल्यावर सोन्याचं का म्हणून विचारलं. सोन्याचं नाही आणि पहिलं येणाऱ्यालाच नव्हे, पुरी करणाऱ्या सगळ्यांनाच मिळतं, हे कळल्यावर त्या विचारात पडल्या. "म्हंजी समद्यास्नी सारकंच? मग येवढं पळायचं कशाला? सावकाश गेलं तर चालत न्हाई व्हय?"

"मी सावकाशच जाते काकी," शिवांजली म्हणाली.

आबा ऐकत होते. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हळूहळू वर चढली. "पोहती कशी? का अजून भोपळा बांधती?"

लहानपणी त्यांनीच तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं आणि स्वतः पायऱ्यांवर दोर धरून बसले होते. एक दिवस दोर सैल सोडलेला तिला कळलंच नव्हतं.

"नाही आबा. आता भोपळ्याशिवाय."

"खंबाटकीत उतरलीस का?"

"नाही उतरले."

त्यांनी मान हलवली. फौजेत कुणाला शाबासकी देताना हलवत असतील तशी, अगदी थोडी. मग म्हणाले, "येवढ्या लांब नुसती भाकरी खायाला आली न्हाईस तू. काय पायजे?"

तिने नको नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिने सासूबाईंच्या गुडघ्यांचं सांगितलं, आणि यंदा शर्यत सोडून द्यायचं ठरवलंय, पुढच्या वर्षी बघू, असं जोडून दिलं. पुढच्या वर्षीचं बोलताना तिचा आवाज जरा हलला असावा.

"शिवाच्या आई," आबा म्हणाले, "कापडं भर."

आई चमकून वळली. "आवं, काय बोलताय? तुमास्नी घास कोन भरवल? बटनं कोन लावंल?"

"भाकरी वयनी देत्याल."

"दीन की," सुलाबाई लगेच म्हणाल्या.

"आन् बटनं?"

खाटेच्या कडेवर आबांचा उजवा हात पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डाव्या हाताने त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाले,

"त्यो डाक्टर येतुया पाय हलवाय. त्यो दर येळी सांगतुया, हातांना काम द्या म्हणून. तू कुठं दीतीस? मी हात लावायच्या आदी तुजा हात तितं." आवाजात राग नव्हता. "तू लय केलंस. आता जरा जा. ती तिकडं सराव करंल, मी हिकडं करतो."

आई उठून आत गेली, भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. शिवांजली मागोमाग गेली तर आई लाडवांचा डबा घट्ट लावत होती.

"नको येऊस आई, मनात नसेल तर."

"मनात हाय का न्हाई ते मला तरी कुठं ठावं," आई म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं दोन रातींच्या वर कुठं ऱ्हायले न्हाई." तिने डबा पुसला. "आन् पुन्यात म्हस न्हाई, रान न्हाई. पोरगी शाळंला गेल्यावर मी करू काय गं दिसभर?"

शिवांजलीने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. धुराचा आणि दह्याचा वास आला. किती माणसांच्या पायांवर आपण पळतो, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते आईला सांगावं असं वाटलं, पण आई तिला बाजूला सारून पिशवी शोधायला लागली होती.

सकाळी जयराजने सायकल पिकअपच्या हौद्यात पोत्यांवर आडवी घातली. आईने देवापुढे दिवा लावला, शिवांजलीला पाटावर बसवून ओटी भरली, नारळ, तांदूळ, खण. मंगळसूत्र नीट दिसतंय ना ते दोनदा बघितलं. सुलाबाईंनी त्या समुद्रात राखण व्हावी म्हणून एक पिवळा धागा तिच्या मनगटाला बांधला आणि तो काढायचा नाही असं बजावलं.

आईने आत हाक मारली. "आवं, येते मी. शर्ट घालते तुमास्नी, थांबा."

"नगं," आतून आवाज आला. "तू बस गाडीत."

दोघी गाडीपाशी थांबल्या. जयराजने इंजिन चालू केलं, मग पुन्हा बंद केलं. आतून काठी पडल्याचा आवाज आला. आईने एक पाऊल उचललं. शिवांजलीने तिचा हात धरला नाही, नुसती तिच्याजवळ उभी राहिली. काठी उचलल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने आबा दारात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. बटणं सगळी लावलेली, पण पहिलंच एक काज खाली गेलेलं. त्यामुळे कॉलरची एक बाजू कानाशी आणि दुसरी खाली, पोटावर कापडाचा फुगा. कपाळावर घाम होता. उंबऱ्याशी थांबून त्यांनी आधी काठी बाहेर टेकवली, मग डावा पाय, मग उजवा ओढून घेतला, आणि अंगणात सरळ उभे राहिले.

आईचा हात आपसूक वर गेला, त्या शर्टाच्या दिशेने. अर्ध्यात थांबला. तिथून तो तिच्या स्वतःच्या डोक्याकडे वळला, आणि तिने पदर सारखा केला.

"येते," ती म्हणाली.

"या," आबा म्हणाले.