जमिनीत जाणारी तार

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मेंढीवाल्यांच्या गळी एकतारी वीज उतरवायची म्हणून मी वीज कंपनीतर्फे सभेत नाटक केलं. एकतारी म्हणजे वर एकच तार, वीज परत जाते ती जमिनीतून. खांबावरून जमिनीत जाणारी तांब्याची तार, लाइन चालू असताना, उघड्या हाताने धरली. "बघा, काही होत नाही!"

दोन दिवसांनी त्यांच्यातलाच क्लेम हॅडो कुंपणासाठी तीच तार कापायला बसलेला दिसला. पक्कड तारेला लागली होती, ओरडायला वेळ नव्हता. मी हातातली पहार त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं.

त्याचा भाऊ वेस माझ्या छातीवर बसला आणि त्याने माझे दोन दात पाडले. "वीतभर तारेसाठी माणसाचा हात मोडतोस, साल्या?"

मी रक्त थुंकत ओरडलो, "अरे मूर्खा, तार अखंड आहे तोवर वीज जमिनीत जाते! तोडलीस तर तुझ्यातून जाईल!"

"आता घाबरवतोस होय? परवा स्वतःच धरली होतीस ना!"

त्याने पक्कड उचलली. मी त्याचा पाय धरला. त्याने माझ्या तोंडावर लाथ घातली, एका हाताने तार धरली आणि तोडली.

भावाच्या शवपेटीला क्लेमने डावा हात लावला, उजवा प्लास्टरमध्ये होता. दफनानंतर तो माझ्यापाशी आला.

"माझा हात मोडलास," तो म्हणाला. "त्याचा का नाही मोडलास?"