पाळकसाहेबांचा हौद

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. एका छोट्या गावातल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये, व्यासपीठाच्या फळ्यांखाली मी राहतो. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणत्या वयात आणि पुरते पाण्याखाली जाऊन. म्हणून गवंड्याने मला कमरेइतके खोल बांधले, पांढऱ्या फरश्या बसवल्या आणि उतरायला अरुंद पायऱ्या केल्या.

आमचे पाळकसाहेब तरुणपणीच इथे आले, बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन. कुणाच्या घरी आजारपण असो की भांडण, ते आधी तिथे हजर! मला घासायचेही स्वतःच, मोठ्याने बेसूर गात. "अहो, हळू! रस्त्यावरची माणसं थांबलीत," असे पाळकबाई वरून म्हणायच्या.

मुले मोठी झाल्यावर एकदा गावात शिवणकाम करणाऱ्या मावशी व्हीलचेअरवरून आल्या. त्यांचे पाय लुळे पडले होते. "मलाही बाप्तिस्मा घ्यायचाय. जमेल का हो?"

तिथे बसलेले हेडमास्तर दचकलेच. "या पायऱ्यांवरून? भलतंसलतं काही झालं म्हणजे? मनात श्रद्धा आहे ना, तेवढी पुरे."

मावशींनी मान खाली घातली. पाळकसाहेब त्यांच्यासमोर बसले. "मावशी, तुमच्या मनात काय आहे?"

"सगळे उतरतात तसं मलाही उतरायचंय."

"मग ठरलं!"

त्या आठवड्यात सगळे कुटुंब माझ्या रिकाम्या पोटात सराव करू लागले. स्वयंपाकघरातली खुर्ची आणली. तीत मावशींच्या जागी बसला ताडमाड मुलगा. दुसऱ्याच पायरीवर खुर्ची कलली आणि स्वारी धप्पकन खाली! त्याची ताई हसून लोटपोट झाली. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. पुढच्या वेळी ते स्वतः खुर्चीत बसले. खाली येताना त्यांनी हात घट्ट आवळले होते. "पायऱ्या समोर दिसल्या की आता पडणार असंच वाटतं. मावशींना पाठमोरं न्यायचं."

रविवारी चर्च गच्च भरले. पाळकसाहेब खालून खुर्चीची पाठ धरून, बाकीचे तिघे वरून, असे मावशींना घेऊन निघाले. मध्यावर पाळकसाहेबांच्या कमरेत उसण भरली. चेहरा पांढराफटक पडला, खुर्ची थरथरू लागली. तेवढ्यात धपाक! हेडमास्तरांनी कोटासकट माझ्यात उडी मारली होती.

"साहेब, सोडा. मी धरलंय."

मावशी पाण्याखाली गेल्या, वर आल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, किती गार!" सगळे चर्च हसले. पाळकबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

पुढे पाळकसाहेब निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. नंतरचे बाप्तिस्मे नदीवरच होऊ लागले, मला कुणी उघडेना. मोडक्या खुर्च्या आणि गंजका पंखा माझ्यात येऊन पडला.

गेल्या महिन्यात ते वारल्याची बातमी आली. मंडळी वर प्रार्थनेला जमली. प्रार्थना संपल्यावर व्हीलचेअरची चाके माझ्या काठाशी येऊन थांबली.

"फळ्या काढा," मावशींचा आवाज आला. "साहेबांच्या हौदात अडगळ नको."

थकलेल्या हेडमास्तरांनी पहिली फळी उचलली. पंखा निघाला, खुर्च्या निघाल्या, कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला.

पण मित्रांनो, माझ्या दोन फरश्या निखळल्या आहेत, पाणी झिरपते. तेवढे बघा. आणि जमलेच, तर पायऱ्यांना कठडा लावा. उतरू पाहणारा चालत येईल की चाकांवरून, काय सांगावे!