गुणवंतरावांचा वाटा

आमच्या खैरबोडीच्या तलावाच्या पाळीवर भूमिपूजनाच्या तीन कोनशिला आहेत. तिन्हींवर आमदार गुणवंतरावांचं नाव आहे. पहिली बसली तेव्हा ते एका मोठ्या पक्षात होते, दुसरी बसली तेव्हा दुसऱ्या मोठ्या पक्षात, आणि तिसरी बसेपर्यंत परत पहिल्यात आले होते. तिन्ही वेळा नारळ मीच आणला. मी मनसाराम, ढिवरटोलीचा, म्हणजे गावातल्या मासेमारांच्या वस्तीचा, तीस वर्षांपासून त्यांचा बूथ एजंट. साहेबांनी पक्ष बदलला की मी दुपट्टा बदलायचो. जुने दुपट्टे माझी बायको वच्छला माशांची टोपली पुसायला घ्यायची आणि कापड चांगलं आहे म्हणायची.

भूमिपूजनं तीन झाली, पण काम एकच होतं. तलावातून धानाच्या बांध्यांत पाणी सोडायची जी दगडी मोरी असते, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. आमचं तुडूम फुटलेलं. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरतो आणि दिवाळीपर्यंत अर्धा नाल्याला लागतो. मासळी वाढायच्या आत पाणी आटतं, वीतभर रोहू काढून विकावे लागतात, आणि जानेवारी लागली की अर्धी टोली तेलंगणात मिरची तोडायला जाते. त्यात माझा मुलगा धनराज आणि सून दिव्यानीही. मागच्या वर्षी दिव्यानी हातांची अशी आग घेऊन आली की पंधरा दिवस तिला भात कालवता येईना, वच्छला चमच्यानं भरवायची.

तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "पोरी, पुढल्या साली तुले जा लागनार नाई. साहेबानं शब्द देल्ला." टोलीतल्या प्रत्येक घरी मी हाच शब्द देऊन आलो होतो. शब्द साहेबांचा होता, तोंड मात्र माझं होतं.

मग विधानसभेची निवडणूक आली. मतदानाला दहा दिवस होते आणि तलावात कंबरभरच पाणी राहिलं होतं, म्हणून टोलीनं मोठं जाळं काढलं. मोठ्या जाळ्याचा आमच्यात एक कायदा आहे. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो टोलीचा असो की वाटेवरचा पाहुणा. सगळी मासळी काठावर ओतायची, जितके हात तितके सारखे ढीग करायचे. आमच्या मच्छीमार संस्थेचा म्हातारा अध्यक्ष मुखरू ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरं कोणी एकेका ढिगावर काडी ठेवून विचारतं, "हा कोनाचा?" मुखरू न पाहता एकेकाचं नाव घेतो. म्हणजे कुणाला लहान आला, कुणाला मोठा आला, तरी भांडायला जागा नाही. आणि ज्याचा वाटा त्यानंच न्यायचा. दुसऱ्यानं खाल्ला तर पुढच्या वर्षी जाळं रिकामं येतं, असं टोली मानते. मीही मानतो.

त्या दिवशी सकाळी गुणवंतराव पाच गाड्या घेऊन आले. मीच फोन करून बोलावलं होतं. बूट भिजणार नाहीत अशा दगडावर ते उभे राहिले, दोर धरला, फोटोवाला म्हणाला "साहेब, थोडा जोर," तसा त्यांनी चेहऱ्यावर जोर आणला. तुडमाचं विचारलं तर म्हणाले, "निवडून आलो की पहिलं काम तेच." त्यांच्या पीएनं पाण्यातूनच तीन मोठे कतला मासे निवडले, डिकीत टाकले आणि गाड्या गेल्या. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

दुपारी सुगंधाबाई आल्या. शेजारच्या गावातल्या निवृत्त अंगणवाडी सेविका. कुठल्याशा लहान पक्षानं त्यांना उभं केलं होतं. पक्षाचं नाव एवढं लांब की पत्रकावर दोन ओळींत बसलं होतं, निशाणी कढई. एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी आल्या होत्या. पत्रकं वाटायला आल्या, पण पत्रक घ्यायला कोणाचाच हात रिकामा नव्हता.

"बाई, उभ्या काऊन? लावा हात," वच्छला म्हणाली.

बाईंनी पत्रकांची थैली बाभळीला अडकवली, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरल्या. तासभर दोर ओढला. मुखरूनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुडमाचं तुमी का करनार?"

"माह्यानं का होनार भाऊ? मी निवडून येनारच नाई," बाई म्हणाल्या. "सरकारले अर्ज लिहून देईन. तेवढं येते मले."

मी मोठ्यानं हसलो. उमेदवारच असं बोलायला लागला तर प्रचार काय करायचा? पण माझ्याबरोबर दुसरं कोणी हसलं नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

वाटे पडले. वच्छला काडी ठेवत गेली, मुखरू नावं घेत गेला. सुगंधाबाईंचं नाव आलं, त्यांनी आपला वाटा पदरात घेतला, आणि सगळ्यांबरोबर जाळं धुऊनच निघाल्या. एका ढिगावर वच्छलानं विचारलं, "हा कोनाचा?"

"गुनवंतरावाचा," मुखरू म्हणाला.

हात लागला होता, फोटो होता, नाकारणार कसं? मी पीएला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, आम्ही नेले ना तीन. ते खाऊन टाका तुम्ही." आता याला काय सांगू? ते तीन वाट्याच्या आधीचे होते, म्हणजे कायद्यानं ते साहेबांचे नव्हतेच, आणि हा ढीग साहेबांचा होता तो आम्हाला चालत नव्हता. ढीग काठावर तसाच पडलेला. सगळी टोली माझ्याकडे बघायला लागली.

"तुमचा मानूस हाये. तुमीच नेऊन द्या," वच्छला म्हणाली.

मी मासळी पळसाच्या पानांत बांधली, थैलीत घातली आणि तालुक्याची एसटी धरली. कंडक्टरनं मला मागच्या सीटवर पाठवलं. बंगल्यावर पोचलो तर आवारात मांडव, बुंदीची ताटं, तालुकाभरातले एजंट. मी थैली घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. साहेब दोनदा समोरून गेले. एकदा माझ्याकडे बघितलं, नाक चोळलं आणि कोणाला तरी म्हणाले, "हा मासेवाला इथी काऊन बसून राह्यला?"

तीस वर्षं मी त्यांच्या नावानं मतं मागितली होती. सकाळीच त्यांच्या हातात दोर मी दिला होता. मला त्या पायरीवर रडू आलं, आणि माझा मलाच राग आला.

शेवटी पीए आला. मी सांगितलं, साहेबांचा वाटा आणला आहे. तो म्हणाला, "फेक ना बाहेर. आणि तुडमाचं टेन्शन घेऊ नको. बूथवर लीड दाखव, मग पाहू."

"लीड तं दरवेळी असते साहेब."

"मग या वेळी जास्त दाखव."

फेकता येईना. थैली परत घेऊन निघालो. या वेळी कंडक्टरनं चढूच दिलं नाही, म्हणून रेतीच्या ट्रॅक्टरवर आलो. टोलीत शिरलो तेव्हा माणसं ओट्यांवर बसली होती. थैली सगळ्यांनी पाहिली, वास तर आधीच पोचला होता. वच्छलानं एवढंच विचारलं, "घेतला नाई?" मी मान हलवली. पाळीच्या पायथ्याशी खड्डा करून आम्ही दोघांनी गुणवंतरावांचा वाटा पुरला.

दुसऱ्या दिवशी संस्थेची बैठक झाली. नेहमी बोलायला मी पहिला उठायचो, त्या दिवशी उठलो नाही. दुसऱ्या मोठ्या पक्षाचं एकानं नाव काढलं, तर लोक म्हणाले, तेही होतेच की पाच वर्षं, दुसरी कोनशिला त्यांच्याच राज्यातली. मग मुखरू बोलला.

"मी सत्तर वरसाचा झालो. आजपर्यंत ज्यायले मत देल्लं ते निवडून आले, आन् ज्या दिवशी निवडून आले त्या दिवशीपासून फसवून राह्यले. म्हनजे भानगड निवडून येन्यातच हाये. हे बाई येनारच नाई म्हनते. मंग फसवन कशी?"

असला हिशेब मी जन्मात ऐकला नव्हता आणि त्यात चूकही सापडत नव्हती. दिव्यानी मागून म्हणाली, "आन् वाटा घेऊन गेल्या बाई. आपलं घेतलं तरी." सगळ्या बाया माना डोलवायला लागल्या.

मतदानाच्या दिवशी मी गळ्यात एजंटचं कार्ड घालून बूथवर बसलो. माझी पाळी आली तेव्हा आत गेलो. खरं सांगतो, बोट आपणहून जुन्या जागी गेलं. बाहेर आल्यावर वाटलं, पायरीवर रडत बसलो होतो तेव्हा हे बोट कुठं होतं?

निकाल लागला. गुणवंतराव निवडून आले, पण जेमतेम. सुगंधाबाईंची अनामत गेली. ढिवरटोलीच्या बूथवर मात्र कढईला तीनशे चाळीस मतं होती, दुसऱ्या मोठ्या पक्षाला नऊ आणि साहेबांना अकरा. त्या अकरांत आमच्या घरचं एकच होतं, हे वच्छलानं मला जेवण वाढताना शांतपणे सांगितलं. बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि चकित होऊन म्हणाल्या, "एवढी मतं? मी तं तुमच्या गावात एकच डाव आली होती!" मग बाभळीखाली बसून त्यांनी तुडमाचा अर्ज लिहिला आणि त्यावर टोलीच्या सह्या घेतल्या.

जानेवारीत धनराज आणि दिव्यानी मिरचीला गेले. जाताना दिव्यानीनं मला नमस्कार केला आणि भात खायचा चमचा थैलीत टाकला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि फेब्रुवारीत इंजिनियर आला. मी आधी समजलो वाट चुकला. मग सिमेंट आलं, मजूर आले, आणि मे संपायच्या आत तुडूम नवं होऊन उभं राहिलं. अर्जामुळे झालं असं बाई म्हणत होत्या. अर्ज कोणी उघडलासुद्धा नव्हता, हे मला पीएनं सांगितलं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि खैरबोडीची अकरा मतं साहेबांना झोपू देत नव्हती.

पावसानं तलाव भरल्यावर लोकार्पणाला गुणवंतराव स्वतः आले. या वेळी बूट काढून पाण्यात उतरले. म्हाताऱ्यांच्या पाया पडले, मुखरूला शाल दिली, दिव्यानीच्या हातावरचे डाग बघून "अरेरे" म्हणाले. टोली त्यांच्याभोवती उभी होती, आणि ते प्रत्येकाचं नाव विचारत होते. मी कडेला उभा होतो. गर्दी जरा हटली तेव्हा मी धीर केला.

"साहेब, एक विचारू? तीस साल मी तुमाले इथून लीड देल्ली. तवा हे काऊन नाई झालं?"

ते हसले. खरंच प्रेमानं हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो माणूस आयुष्यात माझ्याशी एवढं खरं कधीच बोलला नसेल.

"मनसाराम, तू होता ना इथी. तुह्या गावाची मले कधी काळजीच वाटली नाई."

तेवढ्यात फीत कापायला हाक आली आणि ते गेले. पाणी सुटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यानी माझ्यापासून चार हातांवर उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे न बघता टाळ्या वाजवत राहिलो.