शेजारची जागा

देवश्री चार वर्षं एकाच कामात बुडालेली होती. बडोद्याबाहेर, बाजव्याच्या पुढे तिच्या कंपनीनं खांबांवर गोल मार्ग उभारला होता. त्यावरून ड्रायव्हर नसलेल्या छोट्या पांढऱ्या गाड्या फिरत. बटण दाबलं की गाडी यायची आणि एकट्या माणसाला घेऊन, मधे कुठे न थांबता, थेट हव्या त्या ठिकाणी सोडायची. एकाच माणसाची बैठक ही देवश्रीची कल्पना. भुसावळहून नोकरीसाठी बडोद्याला आल्यापासून शटल रिक्षात अनोळखी माणसांना खेटून बसणं तिला नकोसं व्हायचं.

फेब्रुवारीत वयस्कर लोकांना बसवून चाचणी घ्यायचं ठरलं. कारेलीबागेतून मंदाकाकू आल्या. नवरा रेल्वेत होता, तो गेला, मुलगा कॅनडात. गाडीचं दार उघडलं तरी काकू फलाटावर उभ्याच.

"बसा ना काकू, आपोआप जाते."

"एकटीनंच?"

"हो, तोच तर फायदा आहे."

"एकटी मी घरी बसतेच की गं. त्यासाठी इथवर कशाला यायचं?"

बाकीचे इंजिनिअर हसले. देवश्रीला हसू आलं नाही. तिनं काकूंना आत बसवलं आणि अंग चोरून त्यांच्या शेजारी बसली.

"देवश्रीबेन, एकच माणूस!" कंट्रोल रूममधून सलीलचा आवाज आला. सलील त्यांचा प्रमुख.

"काकू घाबरल्यात," ती धडधडीत खोटं बोलली.

गाडी निघाली. रिफायनरीच्या चिमण्या मागे पडल्या. काकूंनी तिचा हात धरला.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"इथेच, समा भागात राहते. एकटीच."

या शहरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. काकूंनी ते ओळखलं असावं. गाडी थांबली तेव्हा त्या उतरायला तयार होईनात. दोघींनी आणखी एक फेरी मारली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये देवश्रीनं दोन जणांच्या बैठकीचा विषय काढला.

"लोकांना शेजारी कुणी नको असतं," सलील म्हणाला. "हे तूच आम्हाला पटवलंस ना?"

विषय तिथेच संपला.

पुढच्या चाचणीला काकू आल्या नाहीत. देवश्रीनं फोन लावला.

"गाडी सरस आहे बेटा," काकू म्हणाल्या. "पण लवकर पोचून करू काय? पोचले म्हणून सांगायचं तरी कुणाला? तू कुणाला सांगतेस?"

"चल, आवजो," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

संध्याकाळी समामधल्या फ्लॅटचं कुलूप काढून ती आत गेली. चपलाही न काढता दारातच उभी राहिली आणि तिनं पुन्हा फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"कोण?"

"देवश्री. काकू, पोचले."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "आता जेवून घे."